उभ्यानं शिवलेली झूल

आमचे आबाजी उभ्यानं शिवायचे. शिवणारा माणूस मांडी घालून बसतो, निदान खुर्ची तरी ओढतो, पण आबाजींना बसून सुई धरताच येत नसे. त्यांची सगळी शिलाई शेतात झालेली. ज्वारीचं भरलेलं पोतं उभं करायचं, त्याच्या तोंडाशी आपण उभं राहायचं आणि दाभणात सुतळी ओवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, एवढंच शिवण त्यांना ठाऊक. पोत्याच्या दोन्ही कोपऱ्यांना ते कापडाचे दोन कान काढत आणि करकचून बांधत, म्हणजे उचलणाऱ्याला पकड मिळते. कोराडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले तरी त्यांनी ही पद्धत सोडली नाही. उशीच्या अभ्र्याला कान, माझ्या दप्तराला कान, माझा धाकटा भाऊ बंडू, त्याच्या गोट्यांच्या पिशवीलाही कान. आई कपाळाला हात लावायची. "मामाजी, उशी होय ही का मांजर?" आबाजी तोंडातली सुतळी न काढताच म्हणायचे, "उचलाले सोपी जाते सूनबाई. पाह्य बरं उचलून." आणि आई खरंच उचलून पाहायची, आणि सोपी जायची, आणि मग तिला जास्तच राग यायचा.

आबाजी आमच्याकडे आले ते मनानं आले नव्हते. सावनेरच्या पलीकडे आमचं गाव. आजी वारल्यावर ते तिथे एकटेच राहत, स्वतःची भाकर स्वतः थापत. एका उन्हाळ्यात त्यांना गोठ्यात चक्कर आली आणि ते पडले. गल्लीतली माणसं लग्नाला गेलेली, त्यामुळे सकाळी पडलेला माणूस ऊन कलल्यावर कोणाच्या तरी नजरेस पडला. बाबांना निरोप मिळाला तसे ते ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच गावी गेले आणि आबाजींना घेऊनच परतले. शेत आणि बैलजोडी चुलतभावाच्या, म्हणजे आमच्या नामदेवकाकाच्या, हवाली केली. "बा, आता मी तुम्हाले तिथं एकटं ठेवत नाही," बाबांनी सांगितलं. बाबांचं बोलणं एकदा झालं की झालं. ते चुकीचं बोलत होते असं मी आजही म्हणणार नाही. बाप गोठ्यात दिवसभर पडून होता आणि आपल्याला कळलं नाही, हे ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच ठाऊक.

पण क्वार्टरमध्ये आबाजींचा पाय ठरेना. बाबा पावर हाऊसमध्ये कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. आम्हाला त्या जागेचं काही वाटत नसे, कारण आम्ही तिथेच वाढलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची पूड बसायची, ती झटकूनच घडी करायची, याला आम्ही घरकाम समजत होतो. आबाजी मात्र गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवत, ते करडं बोट बाबांसमोर धरत आणि विचारत, "इथं आभाळातून राखच पडते का गा? मंग उगवते काय?" पाळी बदलायचा भोंगा झाला की ते दचकून उठायचे, चपला घालायचे, जिना उतरून कॉलनीच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. पुन्हा भोंगा, पुन्हा फाटक. त्यांची पिशवी दाराच्या खुंटीला कायम भरलेली. जेवताना रोज एकदा तरी म्हणायचे, "मी उद्या जातो." आई वाढता वाढता म्हणायची, "जा नं मामाजी. पण उद्या आंबाडीची भाजी करून राहिली मी, थे खाऊन जा." असे भाजीवर भाजी करत आईनं त्यांना ठेवून घेतलं. एकदा मात्र ते भाजीलाही थांबले नाहीत. कोळशाचे ट्रक जातात त्या मोठ्या रस्त्यावर बसची वाट पाहत उभे होते, शेजारच्यांनी ओळखलं आणि सायकलवर डबलसीट बसवून घरी आणलं. सायकलच्या कॅरिअरवरून उतरणाऱ्या आबाजींचा चेहरा मी पाहिला आहे. पकडून आणलेल्या पोराचा असतो तसा होता.

त्या संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. मी तेव्हा पाचवीत होते. "शोभे, तू घरात मोठी आहेस. आबाजीले कामात ठेव. हात रिकामा झाला का त्याईले गाव आठवते. थे एकटे गेले अन् पुन्हा पडले तं मी काय करू, सांग." बाबांनी मला काही विचारलं, असं ते पहिल्यांदाच घडलं होतं. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, रामदासपेठेतल्या एका ऑफिसात टेबलखुर्चीवर बसून नोकरी केली, आणि हे सांगताना मला लाजबिज वाटत नाही. पण सगळ्यात पहिली नेमणूक माझी ही, आबाजींवर पहारा. ती मी मनापासून केली.

काम काय द्यायचं, तर शिवण. दुसरं काही त्या दोन खोल्यांत त्यांच्याजोगतं नव्हतं. शाळेतून आलं की मी आणि बंडू काहीतरी फाटकं शोधायचो. नसलं तर फाडायचो. भाकरीचं फडकं, पायपुसणं, रेशनची थैली, बंडूच्या गलोलीचं कव्हर. कापडाचं एक टोक आबाजी खिडकीच्या गजाला बांधायचे, दुसरं बंडूनं ओढून धरायचं, आणि ताणलेल्या कापडाच्या काठाकाठानं आम्ही दोघं चालत चालत टाके घालायचो, ते पुढे, मी मागे. भिंत आली की वळायचं. घरात येणाऱ्याला वाटायचं, हे लोक शिवत नाहीत, प्रदक्षिणा घालतात. टाका सरळ आला पाहिजे असं आबाजी कधीच म्हणाले नाहीत. "सरळ नसला तरी चालते. दाणा गळला नाही पाहिजे," म्हणायचे. पिशवी तयार झाली की ते आईच्या डब्यातली ज्वारी तिच्यात ओतत आणि कानाजवळ धरून गदागदा हलवत. एक दाणा जरी फरशीवर टिपकला, तरी सगळं उसवायचं. बंडू रडकुंडीला यायचा. "आबाजी, मी गोट्या ठेवून राहिलो नं हिच्यात! ज्वारी नाही!" "गोट्या आज आहेत बाबू. उद्या ज्वारी ठेवशीन तं?"

एकदा बंडूच्या शर्टाचं बटण तुटलं आणि शाळेची वेळ झालेली. अंगावरच शिवायला घेतलं तर आबाजींनी केरसुणीची एक काडी मोडून त्याच्या दातात दिली. अंगावर कपडा शिवायचा तर तोंडात काडी धरायची, नाहीतर चांगलं नसतं, असं ते मानत. बंडूनं काडी काढून विचारलं, "काहून?" आबाजींनी काडी परत घातली. "तुनं बडबड करू नये म्हणून."

सक्करदऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये परवा माझ्या नातीनं शिवणाचा एक तयार संच मागवला. कापडाचे कापलेले तुकडे, प्लॅस्टिकची सुई, रंगीत दोरे, सगळं एका डब्यात. पेन्सिलींची पिशवी करायची होती, तिच्याबरोबर मीही एक तुकडा शिवायला घेतला. पाचसात मिनिटांनी ती म्हणाली, "आजी, तू एका जागी बसून शिव ना गं. तुझ्याकडे बघून मला चक्कर येते." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हॉलमध्ये फेऱ्या घालत होते.

श्रावण संपत आला तसे आबाजी कोणत्याच शिवणात टिकेनात. अर्धा टाका घालून दाभण कापडात तसंच सोडून ते फाटकाकडे जायचे. पोळा जवळ आला होता. वर्षाचे बाकीचे दिवस त्यांनी कसेबसे ढकलले असते, पण पोळ्याला बैलांचा धनी कोराडीच्या गॅलरीत, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. आणि ते गेले तर परत येणार नाहीत, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. मी घाबरले. पहारा माझा होता. काय करावं सुचेना, तेव्हा बंडूचा लाकडी बैल माझ्या नजरेला पडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडाचे बैल सजवून, दोरीनं ओढत दारोदार नेतात, लोक खाऊ देतात. मी बंडूला शिकवून पाठवलं. "आबाजी, माझ्या बैलाले झूल शिवून द्या नं. सगळ्यात भारी पाहिजे." आबाजी फाटकाकडे निघालेले होते. चपला काढून ते परत आत आले. "झूल?" म्हणाले. "सांगाव नं मंग आधी!"

मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. आईचं जुनं जांभळं पातळ, बाबांची गुडघ्यावर विरलेली खाकी पँट, अस्तराला साखरेचं पोतं. आबाजी पहाटेपासून खिडकीच्या गजाशी. जेवताना "उद्या जातो" हे शब्दच बंद झाले. बाबा मला म्हणाले, "शाबास," आणि मी आठवडाभर हवेत. झूल मात्र वाढतच चालली. गजापासून निघून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली. बंडूनं आपला बैल तिच्यावर ठेवून पाहिला आणि एक टोक ओढलं, तर बैल, बंडू आणि शेजारची घागर, सगळंच झाकलं गेलं. आतून आवाज आला, "आबाजी, यात तं माझा बैल हरपते!" आई हसून हसून भिंतीला टेकली. मलाही वाटलं, आबाजींचं माप चुकलं. म्हातारपण आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका जागी पोत्याच्या चार घड्या घालून शिवायला सांगितल्या. इतकं जाड की दाभण आरपार जाईना.

"इथं इतकं जाड कशाले, आबाजी?"

"इथंच लागते. डाव्या खांद्यावर. जू घासून घासून कातडं गेलं त्याचं, इथं त्याले दुखते."

"कोणाले?"

आबाजींनी घडी पुन्हा चाचपली. मग म्हणाले, "बंडूच्या बैलाले."

"लाकडाच्या?"

त्यांनी माझ्या हातातून दाभण घेतलं आणि स्वतः जोर लावून आरपार काढलं. मी झुलीकडे पाहिलं. मधोमध एक फुगवटा मुद्दाम ठेवलेला होता, वशिंडाला जागा म्हणून. ते हात पसरून, डोळे मिटून मापं घ्यायचे, ती मापं कोणाच्या पाठीची होती ते मला एकदम कळलं. ही झूल लाख्याची होती. लाख्या म्हणजे त्यांचा लालसर बैल, नामदेवकाकाकडे दिलेला. मी त्यांना घरी ठेवायला म्हणून हे काम काढलं होतं आणि ते माझ्याच मदतीनं, माझ्याच टाक्यांनी, जायची तयारी करत होते. मला इतका संताप आला की मी तशीच उठून बाबांच्या पाळीची वाट पाहत फाटकाशी जाऊन उभी राहिले.

सगळं ऐकून बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते झुलीपाशी खाली बसले, आपल्या जुन्या पँटचा खिसा तिच्यात कुठे बसला आहे तो शोधला, आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोळ्याले जाऊ. सगळेच जाऊ. पण बा, सांजच्या गाडीनं सगळे वापस. सगळे."

"हो," आबाजी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आईनं माझ्याकडे पाहिलं.

गावाला पोचलो तर नामदेवकाकानं बैल धुऊन, शिंगं रंगवून अंगणात बांधलेले. लाख्याच्या पाठीवर नागपूरच्या बाजारातून आणलेली आरशांची चमचमती झूल. आबाजींच्या काखेतलं गाठोडं पाहून काकानं लगेच ती झूल उतरवली. "मोठेबाबा, तुमचीच घाला. हे ठेवतो मी पुढच्या सालाले." आबाजींनी आपली झूल टाकली. वशिंड बरोबर फुगवट्यात बसलं, खांद्याची घडी बरोबर खांद्यावर. पण पोटाखालून बांधायचे पट्टे काही केल्या एकमेकांना भेटेनात. चांगली वीतभर फट. आबाजी बैलाच्या पोटाकडे पाहतच राहिले. वाळलेला, बरगड्या निघालेला लाख्या डोळ्यांसमोर धरून त्यांनी मापं घेतली होती, आणि इथे काकाच्या दावणीला तो ढोलासारखा झाला होता. "नामदेवा," ते म्हणाले, "काय खाऊ घालतं गा याले? माजवला लेकाचा!" त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं ते मला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळलं नसावं.

तिकडे वेशीवरच्या तोरणाखाली डफडं वाजायला लागलं. गावाचे बैल निघाले. आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा फर्रकन फाडून दोन पट्ट्या काढल्या, दाभण ओवलं आणि माझ्या हातात दिलं. "शोभे, जा खाली. माह्यानं वाकणं होत नाही."

"मी? त्याच्या पोटाखाली?"

"मी आहो नं जवळ."

मी वाकून आत शिरले. वर तो एवढा मोठा जीव, दाभणाचा नुसता स्पर्श झाला की कातडी थरथरायची, आणि खुरं माझ्या पायापासून हातभर अंतरावर. बाहेरून बंडू ओरडला, "आबाजी! अंगावर शिवून राहिले! त्याच्या तोंडात काडी नाही!" आबाजींनी खरोखरच कडब्याचं धांडं उचलून लाख्याच्या तोंडात दिलं. त्यानं ते खाऊन टाकलं. दुसरं दिलं, तेही खाल्लं. "धरत नाही गा हा, खाऊन राहिला!" नामदेवकाका हसायला लागला, आई हसायला लागली, आणि आबाजी लाख्याच्या कानाशी लागून बोलू लागले. मी खाली टाके घालत होते आणि वर त्यांचं बोलणं ऐकत होते. कोराडीच्या नळाला पाणी किती वाजता येतं, सून भाजीत तिखट किती टाकते, बंडू पाढे म्हणताना कुठे अडतो, भोंगा कसा वाजतो. आमच्या घरी इतके महिने जो माणूस "उद्या जातो" याखेरीज फारसं बोलला नव्हता, त्यानं सगळं पाहून ठेवलं होतं, आणि ते सांगायला त्याला इथे यावं लागलं.

तोरणाखाली बैल रांगेत उभे राहिले. आबाजी लाख्याजवळ उभे होते. मी समोरच्या ओट्यावरून पाहत होते. डफडं वाजत होतं, पोट्टे ओरडत होते, तोरण तुटून बैल सुटेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढा सगळा वेळ आबाजी जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. कोराडीत ते पाय मी इतके दिवस राखले होते. मला ते ओळखूच येईनात.

काकूनं पुरणपोळी, कढी आणि भजी असं पोट फुटेपर्यंत वाढलं. मग आम्ही फाट्यावर आलो. आबाजीही आले, पिशवीसकट. सांजची गाडी लांबून दिसली आणि ते म्हणाले, "मी काही येत नाही."

"बा, तुम्ही हो म्हणाले होते."

"म्हटलं होतं."

बाबांचा आवाज चढला, गोठा, चक्कर, दिवसभर पडून राहणं, सगळं निघालं. शेवटी बाबा माझ्याकडे वळले. "शोभे, तू सांग त्याईले. तुझं ऐकतेत थे." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. गाडी येऊन थांबली होती. मला ठाऊक होतं, मी "चला आबाजी" म्हटलं असतं तर ते आले असते. पोरीचा शब्द त्यांनी मोडला नसता.

मी नामदेवकाकाला विचारलं, "काका, आबाजी तुमच्या घरी जेवले तं चालन का? झोपाले पण तुमच्याच ओसरीत. एकटे नाही."

"हे काय विचारणं झालं वं पोरी? चालन नाही तं काय!" काका म्हणाला.

"मंग बाबा, राहू द्या त्याईले," मी म्हटलं.

आईनं माझा दंड असा धरला की वळ उठला. बाबांनी बंडूचा हात धरला आणि ते गाडीकडे वळले. पुढचं सांगून टाकते. आबाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि गोठ्यात पुन्हा पडले नाहीत. पण पडले असते तरीही मी आज हेच लिहिलं असतं. माझ्यावर टाकलेलं काम मी केलं नाही, असं बाबांना कित्येक दिवस वाटत होतं. मला तसं कधी वाटलं नाही.

गाडीत चढल्यावर कंडक्टर आला आणि बाबांनी तिकिटं मागितली, ती एक कमी मागितली. तेवढं ऐकून मी खिडकीकडे धावले. मला वाटलं होतं, आबाजी खाली उभे असतील, हात तरी करतील, निदान गाडी सुटेपर्यंत थांबतील. ते केव्हाच वळले होते. पिशवी खांद्यावर टाकून गावाच्या रस्त्यानं असे भराभर चालले होते की नामदेवकाकाला त्यांना गाठायला पळावं लागत होतं. मी हाक मारली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी खिडकीची काच खाडकन खाली ओढली आणि बंडूला म्हटलं, "सरक तिकडे."